चार लाख तेरा हजार एक

उभा जन्म सोलापुरात काढलेल्या माणसालाही ही संख्या अशी सांगितली तर ओळखू येत नाही. चार लाख तेरा हजार एक म्हटलं की तो विचारणार, रुपये कुणाचे? ‘चार-एक-तीन, डबल झिरो, वन’ म्हटलं की मात्र लगेच मान हलते. गावाचा पिनकोड आपण अंक-अंक सुटा करून बोलतो. हे सहा अंक मिळून एक संख्या होते, तिला भागता येतं, तिचे अवयव पाडता येतात, हे कुणाच्या मनात येत नाही. आणि का यावं? टपाल खात्यानं ती मोजण्यासाठी दिलेलीच नाही.

ती दिली १५ ऑगस्ट १९७२ रोजी. योजना श्रीराम भिकाजी वेलणकरांची. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले हे वरिष्ठ अधिकारी मराठी माणूस आणि शिवाय संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं देशात ठिकठिकाणी, त्यात पत्ता लिहिणाऱ्याची लिपी वेगळी आणि वाचणाऱ्याची वेगळी. यावर त्यांनी सहा अंकांचा उतारा काढला. पहिला अंक विभागाचा : ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि आताचं छत्तीसगड. पुढचे दोन अंक टपालाची वर्गवारी होते त्या जिल्ह्यापर्यंत नेतात आणि शेवटचे तीन थेट वाटप करणाऱ्या कचेरीपर्यंत. ४१३ म्हणजे केवळ सोलापूर जिल्हा नव्हे. लातूर, तुळजापूर, बारामती ही सगळी ४१३चीच मंडळी. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू रोजच्या रोज बोलणाऱ्या, इंग्रजीत कधी ‘शोलापूर’ तर कधी ‘सोलापूर’ होणाऱ्या आमच्या गावाला तर हा आकड्यांचा पत्ता फारच मानवला. पोस्टकार्डावर सहा चौकोनी घरं छापलेली असत. नाव कसंही लिहा, घरं भरली की झालं.

माझी नोकरी बँकेतली, कॉम्प्युटर यायच्या आधीपासूनची. संध्याकाळी रोजमेळ जुळला नाही की आमचे हेडक्लार्क आधी एकच गोष्ट सांगायचे : फरक नऊनं भागून बघ. भाग गेला तर कुणीतरी अंकांची अदलाबदल केलेली असण्याचा संभव मोठा. त्रेसष्ट रुपयांचा फरक आला तर एक्याऐंशीचे अठरा कुठं झाले किंवा ब्याण्णवचे एकोणतीस कुठं झाले ते शोधायचं. अंकांच्या जागा बदलल्यानं पडणारा फरक नेहमी नऊच्या पटीतच असतो, कारण दहा, शंभर, हजार या सगळ्या स्थानांना नऊनं भागलं तर बाकी एकच उरते. म्हणून अंक कुठल्याही जागी बसवा, नऊच्या दृष्टीनं तो तोच. हेडक्लार्कना हे कारण ठाऊक असेल-नसेल, पण चुका सापडायच्या.

त्या सवयीनं एकदा गावाच्या पिनकोडकडे पाहिलं. चार, एक, तीन, शून्य, शून्य, एक : बेरीज नऊ. म्हणजे ४१३००१ला नऊनं भाग जातो, भागाकार ४५,८८९. इतकंच नव्हे, तर हे सहा अंक कसेही फिरवा, येणाऱ्या प्रत्येक संख्येला नऊनं भाग जाणारच. तिसरा आणि दुसरा अंक एकमेकांच्या जागी ठेवले तर ४३१००१ होतात आणि तो आहे छत्रपती संभाजीनगरचा पिन. दोन्ही शहरांचे अंक तेच, बेरीज तीच, फरक १८,०००, म्हणजे नऊ गुणिले दोन हजार. आधार क्रमांकाला चूक पकडणारा एक अंक जोडलेला असतो. पिनकोडला तसा नाही. सोलापूरचं पत्र दोन अंकांच्या गफलतीनं मराठवाड्यात जाऊ लागलं तर ताळा ते पकडणार नाही. पकडेल तो पाकिटावरचं गावाचं नाव वाचणारा माणूस.

वेलणकरांनी संस्कृतात विलोम काव्यही लिहिलं होतं, सुलट वाचलं तरी अर्थ आणि उलट वाचलं तरी अर्थ. म्हणून त्यांचाच आकडा उलटा करून पाहावासा वाटला. १००३१४. हीसुद्धा नऊच्या पटीतली, हे आलंच. दोन्हींची बेरीज केली तर ५१३३१५ : डावीकडून वाचा की उजवीकडून, तेच. यात चमत्कार काही नाही. बेरजेत कुठंही हातचा येत नसेल तर असंच व्हायचं. पण वेलणकरांना हे दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्येला ‘हर्षद’ हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५. फर्ग्युसनमध्ये शिकत असताना १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळवलेले हे गृहस्थ १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तर होते. ना पीएच.डी., ना विद्यापीठाची खुर्ची. संख्यांच्या अंकांशी खेळत बसायचे आणि जे सापडेल ते छोट्या पुस्तिका काढून छापायचे. इकडच्या प्राध्यापकांना त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात मार्टिन गार्डनरनं मार्च १९७५मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं तेव्हा जगाला देवळाली कळली.

तर आमचा पिन हर्षद निघाला. मग पेन थांबेना. पंढरपूर ४१३३०४ : बेरीज पंधरा, शेवटी चार, भाग जाणं शक्यच नाही. अक्कलकोट ४१३२१६ : सतरानं भागून चौदा उरतात. मंगळवेढा, सांगोला, करमाळा, सगळे बाद. बार्शीचा जीव सर्वांत थोडक्यात गेला. ४१३४०१च्या अंकांची बेरीज तेरा, तेरानं भागलं की बाकी एक. बार्शीकरांना हे सांगू नये. पुणे ४११००१ आणि मुंबई ४००००१ही नापास. नागपूर आणि नाशिक मात्र पास. आणि खुद्द कापरेकरांच्या देवळाली कॅम्पचा ४२२४०१? तेरानं भागून पाच उरतात.

अभिमान फुगण्याआधी हेही सांगितलं पाहिजे की दहा लाखांच्या आतल्या संख्यांमध्ये दहातली साधारण एक हर्षद असते. त्यातही ज्याच्या अंकांची बेरीजच नऊ, त्याला परीक्षा द्यावी लागत नाही. सोलापूर नऊच्या वशिल्यानं आत आलं आहे.

कापरेकरांचा दुसरा खेळ मला जास्त आवडतो. संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ घेतले तर २३ अधिक ५, म्हणजे २८. इथं २३ हा २८चा जनक. काही संख्यांना असा जनकच नसतो, कुठल्याही संख्येपासून त्या तयार होत नाहीत. २०, ३१, ४२, ५३ अशा. त्यांना कापरेकरांनी नाव दिलं स्वयंभू. उलट १०१सारख्या काहींना दोन जनक असतात : ९१ आणि १००.

४१३००१चा जनक शोधणं अवघड नाही. शे-दोनशे संख्यांवर हात फिरवायचीही गरज पडत नाही, एका साध्या समीकरणात तो सापडतो. ४१२९७४. याच्या अंकांची बेरीज २७, मिळवली की ४१३००१. दुसरा जनक नाही. त्याचा जनक ४१२९४७, पुन्हा बेरीज २७. आणि त्याच्याही मागे? काही नाही. ४१२९४७ स्वयंभू आहे. म्हणजे आमच्या पिनची वंशावळ तिसऱ्या पिढीत संपते आणि आजोबा आपोआप प्रकटलेले.

शिवलिंगांचं गाव असल्यामुळे असेल, हा शब्द सोलापुरात कानाला लगेच गोड लागतो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी गावाच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापन केली. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा सात नंदीध्वज निघतात आणि त्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते. बाराबंदी घातलेले मानकरी ती उंच, जड काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालतात. काठी जरा झुकली की शेजारचे दोघं-तिघं हात पुढे करतात, आणि बघणाऱ्यांच्या तोंडून ‘हर्र बोला हर्र’ निघतं.

सात हा आकडा मुद्दाम लक्षात ठेवायला सांगतो, कारण पुढे एक घोळ झाला.

कापरेकरांचं नाव जगभर झालं ते ६१७४मुळे. चार अंकांची कुठलीही संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेली संख्या वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच करा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतं आणि तिथून हलत नाही. ही गोष्ट त्यांना १९४९ साली सापडली आणि मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. ६१७४ स्वतःही हर्षद आहे : बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे साताचा घन.

आपल्या सहा अंकांचं हेच केलं तर? ४३११००मधून ००११३४ वजा : ४२९९६६. मग ७४९९४३. मग ६५२६४४. मग ४२०८७६. इथपर्यंत कागदाचा एक कोपरा भरतो. पुढं ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६! विसावा नाहीच. सात मुक्कामांची फेरी, आणि सातही ठिकाणी अंकांची बेरीज सत्तावीस.

सात मुक्काम, सात नंदीध्वज, प्रदक्षिणा. हे वाचून कुणीतरी व्हॉट्सॲपवर ‘सोलापूरच्या पिनकोडचं दैवी रहस्य’ नावाचा मजकूर फिरवेल, याची मला धास्ती आहे. तेव्हा आधीच सांगून ठेवतो. सहा अंकी संख्यांपैकी बहुतेक सगळ्या शेवटी याच फेरीत येऊन पडतात. थोड्या ५४९९४५वर किंवा ६३१७६४वर थांबतात, एवढंच. संभाजीनगरचे अंक तेच असल्यामुळे तेही पहिल्या पावलापासून आमच्याच वाटेनं चालतं आणि तिथं नंदीध्वज नाहीत. सिद्धरामेश्वरांचा वजाबाकीशी संबंध नाही. तरीही सातवी वजाबाकी करून पुन्हा ४२०८७६ समोर आलं तेव्हा हसू फुटलंच, ते काही मी आवरलं नाही.

केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांना हे सगळं पसंत पडलं नसतं. रामानुजनना बोलावून घेणारे, १७२९ क्रमांकाच्या टॅक्सीतून त्यांना भेटायला जाणारे तेच हार्डी. १९४०मध्ये लिहिलेल्या ‘ए मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात त्यांनी ८७१२ आणि ९८०१ची उदाहरणं घेतली आहेत. या दोन्ही संख्या आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत येतात : २१७८ची चौपट ८७१२, १०८९ची नऊपट ९८०१. चार अंकी संख्यांत असा गुण या दोघींचाच. हार्डींचं म्हणणं, असल्या गोष्टी वर्तमानपत्रातल्या कोड्यांना ठीक, गणितज्ञाला त्यात घेण्यासारखं काही नाही.

त्यांचं म्हणणं उडवून लावता येत नाही. आपल्याला दहा बोटं म्हणून आपण दहावर पोचलो की पुढचं घर मांडतो. आठच बोटं असती तर हीच संख्या आपण १४४६५११ अशी लिहिली असती. तिच्या अंकांची बेरीज बावीस. आमची संख्या विषम, तिला बावीसनं भाग कसला जातो? हर्षदपण गेलं. नऊचा वशिला गेला, सात मुक्कामांची फेरी गेली, बार्शीची हुकलेली संधीही गेली. संख्या तीच, फक्त लिहायची तऱ्हा बदलली. म्हणजे आतापर्यंत जे काही सांगितलं ते संख्येचं नव्हतंच म्हणायचं, आपल्या लिहिण्याचं होतं.

मग संख्येचं स्वतःचं काय? तर तिचे अवयव. ४५,८८९चे अवयव हातानं पाडायला बसलं की संध्याकाळ जाते. सात, अकरा, तेरा, सतरा, एकेक मूळ संख्या लावून पाहायची, बाकी उरतच राहते. शंभरी ओलांडली तरी दाद नाही. आणि मग १०९ला ती एकदम उघडते : १०९ गुणिले ४२१. दोन्ही मूळ. म्हणून ४१३००१ म्हणजे तीन गुणिले तीन गुणिले १०९ गुणिले ४२१. आठ बोटांच्या लोकांनाही हेच अवयव मिळाले असते, लिहिले कसेही असोत.

आता १०९ आणि ४२१, दोघांनाही चारनं भागलं तर बाकी एक उरते. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडता येते, हे फर्मानं सतराव्या शतकात सांगितलं. शंभर अधिक नऊ म्हणजे १०९, अर्थात दहाचा वर्ग अधिक तीनचा वर्ग. २२५ अधिक १९६ म्हणजे ४२१, पंधराचा वर्ग अधिक चौदाचा वर्ग. आणि दोन वर्गांच्या अशा दोन बेरजांचा गुणाकार केला तर तोही दोन वर्गांची बेरीज असतो. याची रीत फर्माच्या हजारभर वर्षं आधी, ६२८ साली, ब्रह्मगुप्तानं ब्राह्मस्फुटसिद्धान्तात दिलेल्या नियमात आहे. दहा पंधरे दीडशे, तीन चौदे बेचाळीस : मिळवले तर १९२, वजा केले तर १०८. दहा चौदे एकशे चाळीस, तीन पंधरे पंचेचाळीस : वजा केले तर ९५, मिळवले तर १८५. बाहेर राहिलेल्या तीननं सगळ्यांना गुणा.

५७६चा वर्ग अधिक २८५चा वर्ग : ४१३००१.
३२४चा वर्ग अधिक ५५५चा वर्ग : तेही ४१३००१.

हे डोळ्यांनी पाहायचं तर सोलापूरसारखं गाव नाही. चादरीची नक्षी आधी ग्राफ पेपरवर उतरायची. कागदावरचं एक घर म्हणजे उभा धागा आणि आडवा धागा जिथं भेटतात ती एक जागा. घर भरलेलं असेल तर तिथं धागा वर, रिकामं असेल तर खाली. डिझाईन करणारा बोटानं ओळ धरून घरं मोजत जायचा आणि त्याबरहुकूम जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडली जायची. आता हे काम कॉम्प्युटरवर होतं, पण घरं तीच. अशी ४१३००१ घरं कुणी हातात दिली आणि एकच चौरस करायला सांगितलं तर जमणार नाही. ६४२ घरांच्या बाजूचा चौरस होतो आणि ८३७ घरं उरतात. दोन चौरस करा म्हटलं तर एकही घर न उरता दोन निरनिराळ्या तऱ्हांनी होतात.

याहून पुढची गंमत मला बऱ्याच उशिरा दिसली. ५७६ हा स्वतःच चोवीसचा वर्ग आहे आणि ३२४ हा अठराचा. म्हणजे ४१३००१ म्हणजे चोवीसचा चौथा घात अधिक २८५चा वर्ग, आणि अठराचा चौथा घात अधिक ५५५चा वर्गसुद्धा. एक चौथा घात अधिक एक वर्ग, या घाटाच्या संख्या विरळ असतात. त्यांत मूळ संख्या अनंत आहेत एवढं सिद्ध करायला जॉन फ्रीडलँडर आणि हेन्रिक इवानिएक यांना १९९८ साल उजाडावं लागलं, आणि ती सिद्धता सोपी मुळीच नाही. आमची संख्या मूळ नाही, पण त्या घाटात ती दोनदा बसते. इथं नऊ नाही, बोटं नाहीत, लिहिण्याची तऱ्हा नाही. हार्डींनीही इथं कदाचित चष्मा वर केला असता.

तरी मला निवडायला सांगितलं तर मी कापरेकरांच्या बाकावर बसेन. चोवीसचा चौथा घात माझ्या वाट्याला आला तोच मुळी अंकांची बेरीज करण्याचा चाळा लागला म्हणून. लिहिलेल्या आकड्यावर माणसाचा जीव आधी जडतो, आत काय आहे ते तो नंतर बघतो. देवळालीच्या मास्तरांनी आयुष्यभर आकड्याच्या अंगावरचे कपडे न्याहाळले, असं हार्डीच्या पंथाचा माणूस म्हणेल. म्हणू दे. सहा घरांत सहा अंक भरणाऱ्या लोकांना दाराशी तेवढंच दिसतं, आणि तेवढ्यावरही तीस-चाळीस वर्षं आनंदात काढता येतात, हे त्यांनी दाखवलं.

विजापूर रोडवर माझा एक जुना मित्र राहतो, बँकेतलाच. त्याला हे सगळं एका रविवारी ऐकवलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मग त्यानं टपाल लवकर येतंय का बे?” आणि थोड्या वेळानं, चहा संपल्यावर, “आमचा ४१३००४ आहे. त्याचं बघ की.”

बघितलं. अंकांची बेरीज बारा. बारानं भागलं तर ३४,४१७ आणि बाकी शून्य. म्हणजे तोही हर्षद, आणि नऊच्या वशिल्याशिवाय, स्वतःच्या हिमतीवर. मात्र त्याच्या अवयवांत तीन एकदाच येतो, जोडीनं येत नाही. त्यामुळे दोन चौरसांत तो काही केल्या बसायचा नाही. पहिली गोष्ट मित्राला लगेच फोन करून सांगितली. दुसरी अजून सांगितलेली नाही.